फरशी पुलाअलीकडे थांबलेली मुले

नाशिक जिल्ह्यात बर्फ पडत नाही. निफाडच्या द्राक्षबागांत एखाद्या पहाटे पानांवरचे दव गोठते खरे, परंतु त्या थंडीवर सकाळची शाळा तासभर उशिरा भरवणे हा उपाय बहुधा पुरतो. शाळा बंद ठेवावी की नाही, हा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने पावसाळ्यात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर जिल्हाभर एकच असू शकत नाही. कारण इगतपुरीत वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर येवला तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे ढग घाटमाथ्यावर रिते झाल्यानंतर उरलेल्या कोरड्या पट्ट्यात येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास शासकीय भाषेत त्याला अतिवृष्टी म्हणतात. आषाढातल्या इगतपुरीला एवढा पाऊस नवा नाही, पण येवल्यातील एखादा कोरडा नाला त्याच पावसाने रस्ता तोडू शकतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि हवामान विभागाचा लाल किंवा नारिंगी इशारा आला की सुटीचा आदेश बहुधा तेथूनच निघतो. घाट भागासाठी आता वेगळा इशारा मिळू लागला असल्याने आदेशही तालुकावार निघणे शक्य आहे, आणि तसेच व्हावे. तथापि शाळेच्या अंगणातील आभाळ पाहून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट नाशिक शहरालाही लागू पडते. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबकेश्वराकडे, रात्रभर पाऊस झाला तर धरणातून विसर्ग सुरू होतो (तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते यावर मोजतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर) आणि शहरात ऊन पडलेले असतानाही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढत जाते.

हे सारे ठाऊक असूनही प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली, आणि पुढील विवेचनाचा आधार तीच आहे. पश्चिम पट्ट्यातील एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापकपद त्याच्याकडे असताना, भाताच्या आवणीच्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास पावसाचा जोर वाढला आणि मुले लवकर घरी पोहोचलेली बरी, या काळजीने त्याने शाळा सोडून दिली. दोन पाड्यांची वाट ज्या ओहळावरून जात होती, त्यावर फरशी पूल होता, म्हणजे पूर आल्यास पाणी वरून वाहून जावे अशा बेताने बांधलेला, कठडे नसलेला ठेंगणा पूल. मोठी मुले पार झाली, पण सहा लहान मुले अलीकडेच अडकली. घरची माणसे आवणीला गेलेली असल्याने त्यांना शोधायला कोणी आले नाही, शाळेला कुलूप लागलेले होते आणि तिथल्या चुलीवरची दुपारच्या जेवणाची खिचडी कोणाच्याही पोटात न जाता तशीच राहिली होती. दिवेलागणीला एका शेतकऱ्याने त्यांना आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे ती भिजलेली मुले कोरड्यात आली. कोणालाही इजा झाली नाही, परंतु त्याचे श्रेय त्या निर्णयाला मुळीच देता येत नाही.

या अनुभवातून निघणारा पहिला निष्कर्ष असा की सुटी द्यायची तर ती आदल्या संध्याकाळी, सात-आठच्या आत जाहीर व्हावी, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या आईबापांना मूल कोणाच्या स्वाधीन करायचे हे ठरवता येते. दुसरा त्याहून महत्त्वाचा आहे: मुले एकदा वर्गात आली की वाढत्या पावसात त्यांना बाहेर काढू नये, त्यांना जेवू घालावे, पाणी ओसरेपर्यंत थांबवावे आणि मोठ्या माणसाच्या हाती सोपवूनच पाठवावे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री अनेक मुले शाळेतच राहिली. घरच्यांचा जीव टांगणीला लागला, तरी मुलांच्या डोक्यावर छप्पर होते.

बुडालेल्या दिवसांची भरपाई करता येते. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस ठरवले आहेत, आणि सुटीच्या काही दिवशी शाळा भरवून हा हिशेब बहुतांशी जुळवता येतो. बुडालेले जेवण मात्र तसे भरून निघत नाही, म्हणून नुसत्या सरींच्या भीतीने शाळा बंद ठेवणेही योग्य नव्हे.

त्या वर्षानंतर लेखकाच्या शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात एक साधी वही तयार होऊ लागली, जिच्यात पटावरील प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या वाटेवरील ओहळ किंवा फरशी पूल, आणि पाणी चढले की नाही हे तेथून सांगू शकेल अशा काठावरच्या एका माणसाचा फोन क्रमांक लिहिला जाई. त्यांतला पहिला क्रमांक त्या शेतकऱ्याचा होता.