बिनतारी संदेश आणि विजेची काटकसर

चेन्नईच्या दक्षिणेस पूर्व किनाऱ्यावर कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते निराळे. येथून समुद्रावर जाणाऱ्या लहान होडीत मोबाइल फोन असला, तर त्याला आधार केवळ त्याच्या बॅटरीचा. ती संपली की घरच्यांशी बोलणे आणि वादळाची सूचना ही दोन्ही एकदमच थांबतात. संदेश जलद हवेत आणि वीज मात्र अल्प लागावी, या अडचणीवर ज्या अभियंत्यांनी मूलगामी संशोधन केले, त्यांपैकी अनंत चंद्रकासन यांचा जन्म चेन्नईचाच होय.

वीज नेमकी कोठे खर्च होते, हे प्रथम पाहू. चिप म्हणजे सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर घडविलेले असंख्य ट्रान्झिस्टर. त्यांचे कार्य चालू असता सूक्ष्म धारित्रे सतत भरतात व रिकामी होतात. या कामी लागणारी शक्ती धारिता, दर सेकंदाची आवर्तने आणि विद्युत्‌दाबाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणजे दाब निम्मा केला, तर खर्च एकचतुर्थांश होतो. परंतु दाब उतरला की धारित्रे भरण्यास विलंब लागतो आणि चिप मंदावते. मग वेगाने येणारे संदेश उलगडणार कसे?

चंद्रकासन, सॅम्युअल शेंग व रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी अमेरिकेतील बर्कली येथे यावर शोधलेला मार्ग १९९२ साली प्रसिद्ध झाला. धापा टाकीत धावणाऱ्या एका हमालाऐवजी संथपणे चालणारे दोन हमाल नेमावेत, तसा तो आहे. एकाच मंडलाच्या जागी दोन मंडले घालून प्रत्येकास निम्म्या वेगाने काम दिले. त्यामुळे दाब ५ व्होल्टवरून २.९ व्होल्टपर्यंत, म्हणजे ०.५८ पट, उतरविता आला. जोडतारांमुळे धारिता मात्र २.१५ पट झाली. आता गुणाकार करू : २.१५ × ०.५८ × ०.५८ × ०.५ = सुमारे ०.३६. एकूण काम तेवढेच होऊन शक्ती जवळजवळ एकतृतीयांशावर आली.

याच तत्त्वावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातात धरावयाच्या बिनतारी यंत्रासाठी चिपांचा एक संच तयार केला. त्याचे वर्णन १९९४ साली प्रसिद्ध झाले. आलेल्या संदेशातील चुका सुधारणे, चित्र उलगडणे इत्यादी कामे तो १.१ व्होल्ट दाबावर आणि ५ मिलिवॅटहून कमी शक्तीत करी.

ही काटकसर फुकट मिळत नाही. दोन मंडलांस सिलिकॉनची जागा अधिक लागते. दाब फार उतरविण्यासाठी ट्रान्झिस्टरांची रचना बदलली, तर ते बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागते. शिवाय लहरी अवकाशात पाठविण्यास लागणारी शक्ती या युक्तीने घटत नाही. वाचतो तो गणनेचा खर्च. परंतु होडी किनाऱ्यापासून दूर असता तेवढी बचतही मोलाची असते. बॅटरी तीच राहते आणि संदेश अधिक वेळ पोहोचत राहतात.