मनाच्या आजाराचे इस्पितळ

अंगात ताप भरला, तर आपण डॉक्टरकडे जातो. हाड मोडले, तर प्लॅस्टर घालून घेतो. त्याची कुणाला लाज वाटत नाही. पण घरातले माणूस एकटेच बडबडू लागले, रात्र रात्र झोपेना, जेवेना, की आपण दार लावून घेतो. "लोक काय म्हणतील?" हा पहिला विचार. मग अंगारा, उतारा, आणि कुठे कुठे पायात साखळी.

साखळीने काय होते ते पाहा. तमिळनाडूत एरवाडी गावी दर्ग्याजवळ असे रोगी आणून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथल्या एका निवाऱ्याला आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले. पळणार कसे? पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली.

साखळी हे औषध नव्हे. मग औषध कुठे मिळते?

आपल्या महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. ही चारही इंग्रजांच्या काळातली. त्या काळी रोग्याला गावापासून दूर ठेवणे हाच मुख्य हेतू असे. म्हणून भिंती उंच आणि खिडक्यांना गज. गुणकारी औषधे तेव्हा नव्हतीच. भ्रमाच्या आजारावरचे पहिले चांगले औषध १९५२ साली निघाले. औषधाने माणूस सुधारू लागला, तेव्हा कोंडवाड्यासारख्या वॉर्डाचे कारणच उरले नाही.

चांगला वॉर्ड कसा असावा? जमिनीवर दाटीवाटीने नव्हे, तर प्रत्येकाला वेगळी खाट हवी. उजेड आणि वारा हवा. संडासाला दार हवे. भिंतीवर घड्याळ व कॅलेंडर हवे. आजारात दिवस-वार विसरलेल्या माणसाला त्याचा आधार होतो. गळफास बांधता येईल असे हुक किंवा नळ नकोत. बसायला अंगण आणि हाताला काही काम हवे. हे चैनीसाठी नव्हे. शांत जागी मन लवकर थाऱ्यावर येते.

उपकरणांचेही तसेच. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत बिघाड झाला, तरी माणूस उदास होतो. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. लिथियम नावाचे औषध रक्तात कमी झाले तर गुण येत नाही, जास्त झाले तर विषासारखे बाधते. म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते. मेंदूचा आलेख काढणाऱ्या यंत्राची फेफरे ओळखायला मदत होते.

"शॉक देतात" म्हणून लोक फार भितात. हा उपचार १९३८ साली इटलीत सुरू झाला. पूर्वी तो भूल न देताही देत. आता तसे करणे कायद्याने बंद आहे. आधी भूल देतात, स्नायू सैल करणारे औषध देतात, मग काही सेकंद वीज देतात. श्वास व हृदय यांवर यंत्राची नजर असते. फार खोल उदासीत, जीव द्यायला निघालेल्या रोग्याला याचा मोठा उपयोग होतो.

हा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. रोग्याला साखळी घालता येत नाही. बळेच डोके भादरता येत नाही. त्याला स्वतःचे कपडे घालता येतात. त्याच्याकडून काम करून घेतले, तर मजुरी द्यावी लागते. इस्पितळात गेलात तर या गोष्टी डोळ्यांनी बघा. कमी दिसले तर विचारा. तो आपला हक्क आहे.

पण नवा रंग, नवी खाट, नवे यंत्र आणले, की झाले का? नाही. वेळेवर गोळी देणारी आणि दोन शब्द गोड बोलणारी नर्स हवी. शिवाय आपण हवे. बरे झालेले काही रोगी इस्पितळातच राहतात, कारण त्यांना न्यायला घरचे कोणी येत नाही. त्यांच्यासाठी कितीही चांगला वॉर्ड बांधला, तरी तो घर होत नाही.

तेव्हा आजार लपवू नका. लवकर दाखवा. सरकारचा १४४१६ हा फोन आहे, त्यावर सल्ला फुकट मिळतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. आणि बरे झालेल्या माणसाला पंगतीत आपल्या शेजारी पान वाढा.

आता सांगा :
१. वॉर्डात घड्याळ आणि कॅलेंडर कशासाठी?
२. लिथियम घेणाऱ्याचे रक्त का तपासतात?
३. तुमच्या गावात असा रोगी असेल, तर तुम्ही काय कराल?