नावापुरतं एम.ए. करू नकोस

नाशिक

चि. रोहन यास,


पुणे विद्यापीठात इतिहास विभागात तुझा प्रवेश झाल्याचं दादानं फोनवर सांगितलं. पाठोपाठ म्हणाला, "एम.ए. काय, होईल. होस्टेल मिळेल, अभ्यासिका मिळेल. खरा अभ्यास एमपीएससीचाच." हे तुझं मत की दादाचं, ते मी विचारलं नाही. पण माझी सगळी नोकरी त्याच विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या काउंटरवर गेली आणि हेच वाक्य तिथे मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय, की फोनवर "बरं बरं" म्हणून सोडून देणं मला जमलं नाही.

एमपीएससीशी माझं वाकडं नाही. आमच्या काउंटरवर रोज ओळखपत्र दाखवणारी काही मुलं आज तहसीलदार आहेत, दिवाळीला त्यांचे फोन येतात. त्यांनी ठरवून तेवढंच केलं होतं. माझा जीव तुटायचा तो धड हेही नाही आणि धड तेही नाही अशा मधल्यांसाठी. सकाळी अभ्यासिका उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं, खुर्चीवर बॅग आणि टेबलावर पाण्याची बाटली ठेवून जागा धरायची, दिवसभर लक्ष्मीकांतांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक आणि चालू घडामोडींची मासिकं. विभागात तास चालू असतो तेव्हा असा पोरगा चहाला. सत्र परीक्षा आली की कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स आणून चार रात्री घोकायच्या. दोन वर्षांनी गुणपत्रिका हातात येते, पण विभागातल्या एकाही प्राध्यापकाला याचं नाव आठवत नाही. शिफारसपत्र मागायला जावं तर सर चष्मा काढून विचारतात, "तुम्ही आमच्याकडेच होता का?" तिकडे राज्यसेवेच्या जागा काही शे आणि अर्ज लाखांनी. परीक्षा पुढे जाते, निकाल लांबतो, आणि पोरगा "या वेळी होईल" म्हणत सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर आणखी तीन वर्षं काढतो.

तेव्हा आधी ठरव. फक्त परीक्षाच द्यायची असेल तर दादाला स्पष्ट सांग आणि विभागातली ती जागा सोड. प्रतीक्षा यादीत कुणीतरी असेल, ज्याला खरंच इतिहास शिकायचाय. हे तुला कडक वाटेल. पण सरकारी विद्यापीठातली जागा स्वस्त असते ती लोकांच्या पैशानं, आणि ती वसतिगृहाच्या खाटेसाठी अडवून ठेवणं मला कधीच पटलं नाही. मला एवढंच सांगायचंय की दोन्ही दगडांवर पाय ठेवू नकोस. आता तर पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. म्हणजे एक वर्ष मनापासून कर आणि मग नाहीच पटलं, तर हात हलवत परत जायची वेळ येणार नाही.

आणि एम.ए. करायचं ठरवलंस, तर तू कुठे येतोयस ते एकदा नीट बघ. पुणे विद्यापीठ १९४९ सालचं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. पण मनोऱ्याची ती मुख्य इमारत विद्यापीठाहून जुनी. मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांना पावसाळ्यात राहायला म्हणून बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६४ मध्ये ती बांधायला घेतली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ तिथेच होता. तो आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट लगेच गेला, रँड पुढच्या महिन्यात, ३ जुलैला. आज तो रस्ता ओलांडताना सिग्नल, मेट्रो आणि हॉर्न यांतून कुणाला हे सुचत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुचायला हवं.

विभागातली व्याख्यानं महत्त्वाची आहेतच, पण पुण्यात इतिहास शिकायचा तो मुख्यतः विभागाबाहेर. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं. भांडारकर संस्था १९१७ ची. डेक्कन कॉलेज. आणि पेशवे दफ्तर, जिथे मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल अजून कपड्यात बांधलेले आहेत. यांतल्या एकाही ठिकाणाहून तुला आमंत्रण येणार नाही. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, ओळखपत्र गळ्यात घालून, आपण होऊन जायचं असतं. पहिल्या दिवशी बुजल्यासारखं होतं. तिसऱ्या खेपेला तिथला शिपाईसुद्धा "आज उशीर?" म्हणून विचारतो.

पण मोडी येत नसेल तर तिथे जाऊन तू नुसते कागद बघशील. म्हणून पहिल्याच सत्रात मोडीचा वर्ग लाव. मंडळ घेतं, राज्याचं पुराभिलेख खातंही घेतं. मी नोकरीत असताना शिकले, संध्याकाळी, पाय दुखत असताना, तेव्हा तुला सबब नाही. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारलेली असते, मग तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं. शब्द कुठे संपला ते आपण ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घ विसरायचं. वर नुसता 'छ' दिसतो आणि पुढे 'सफर' किंवा 'रबिलावल'. तो 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख, आणि वर्ष शुहूर सनाचं. ते जुळवून इसवी सन काढायला मला पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ लागली होती. कागदात काय होतं म्हणशील तर कुठल्याशा गावच्या पाटलानं बैलांच्या चाऱ्याबद्दल केलेली तक्रार. पण ती मी वाचली होती, कुणाच्या पुस्तकातून नव्हे. त्यानंतर रियासतकार सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड रॅकवर दिसले तेव्हा माझी नजर बदललेली होती. ते निवडक कागद आहेत. निवडलं कुणी, मागे काय राहिलं, हा प्रश्न तोवर मला कधी पडलाच नव्हता.

प्राध्यापकांकडे जाताना "सर, काय वाचू?" असं विचारत जाऊ नकोस. काहीतरी वाचून जा आणि एकच प्रश्न घेऊन जा. शंभर मुलांत तो लक्षात राहतो. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो, त्याचा मार्गदर्शक असाच मिळतो. इंग्रजी पुस्तकांना घाबरू नकोस, रोज पाच पानं, शब्दकोश शेजारी. तुझ्या बोलण्यावरून कुणी हसलं तर हसू दे, परभणीची बोली बदलायची गरज नाही. मराठवाड्याची आणि खानदेशाची इतकी मुलं तिथे आहेत की हसणाराच एकटा पडेल. 'कमवा व शिका' योजनेत नाव घाल. पैसे थोडे मिळतात, पण कुठल्या तरी कार्यालयात दोन माणसं ओळखीची होतात, आणि एवढ्या मोठ्या विद्यापीठात एखादा अर्ज अडला की तीच कामाला येतात.

कागदपत्रांचं आताच सांगते. तुझी पदवी नांदेडच्या विद्यापीठाची, त्यामुळे तिथलं स्थलांतर प्रमाणपत्र लागणार. ते इकडे येण्याआधी काढ, नाहीतर पात्रतेच्या कामासाठी ऐन दिवाळीत नांदेडला पळावं लागेल. महाडीबीटीचा अर्ज वेळेत भर आणि बँक खात्याला आधार जोडलंय का ते बघ, पोरांची शिष्यवृत्ती बहुतेक तिथेच अडकते. प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स आणि फोटो वेगळ्या पाकिटात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर मित्राच्या खोलीत 'पॅरासाइट' म्हणून राहू नकोस. तपासणीच्या रात्री गादी उचलून पळायचं आणि सापडलास तर त्या मित्राचीही खोली जायची. त्यापेक्षा बोपोडी-खडकीकडे तिघांत खोली बघ. पहिल्या दोन महिन्यांचं भाडं मी देईन, दादाला विचारायची गरज नाही.

काय ठरवलंस ते मात्र दादाच्या तोंडून नको, तू स्वतः कळव.

वहिनीला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझी,
आत्या