जोड नीट, तर बोट धीट



यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी मी रेडिओवर चालणारी छोटी बोट तयार केली. बोट झाली झकास, पण पहिल्याच दिवशी पाझर तलावाच्या मध्यावर बंद पडली. चूक माझीच होती. गुरुजी म्हणाले, "चूक लपवू नको. भिंतीवर लाव. म्हणजे दुसरा कोणी ती करणार नाही." म्हणून हा पाठ लिहीत आहे.

बोटीत काय काय असते?

रेडिओवर चालणारी बोट काही नवी नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क शहरात अशी बोट लोकांना चालवून दाखवली होती. माझ्या बोटीचे अंग प्लायवूडचे आहे. आत एक बॅटरी, एक मोटार, मोटारीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर, रेडिओचा संदेश घेणारा रिसीव्हर आणि सुकाणू वळवणारी सर्व्हो मोटार एवढ्या वस्तू आहेत. बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. ६ गुणिले १.२ म्हणजे ७.२ व्होल्ट.

या वस्तू एकमेकांना तारांनी जोडायच्या. तारांच्या टोकाला पिन आणि सॉकेट असतात. पिन म्हणजे नर आणि सॉकेट म्हणजे मादी, असे कारागीर म्हणतात. सगळा घोटाळा इथेच झाला.

माझी चूक

बॅटरी एका दुकानातून आणली. कंट्रोलर जुना, मामांनी दिलेला. कंट्रोलरच्या पिना ३.५ मिलिमीटर जाडीच्या आणि बॅटरीची सॉकेटं ४ मिलिमीटरची. पिन आत जायची, पण खुळखुळायची. मी काय केलं, चॉकलेटचा चमकी कागद पिनेला गुंडाळला अन् दाबून बसवली. घट्ट बसली! घरी बादलीत मोटार फिरवून पाहिली, तर फिरली भुर्रकन. मला वाटलं, काम फत्ते.

तलावावर बोट सोडली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. बोट मध्यावर गेली, हळू झाली आणि थांबली. कितीही कळ दाबली तरी हलेना. मी पाण्यात उतरायला निघालो, तर आप्पांनी दंड धरला. त्यांनी ट्रॅक्टरची ट्यूब आणली, कमरेला दोर बांधला, दोराचे टोक काठावर दोघांच्या हातात दिले आणि स्वतः जाऊन बोट आणली. झाकण उघडले तर जळक्या प्लास्टिकचा वास! एका जोडावरचे आवरण वितळून पिनेला चिकटले होते.

आप्पा काही बोलले नाहीत. रात्री आई म्हणाली, "आज कांद्याच्या लागणीला बाया थांबून राहिल्या. अर्धा दिवस गेला त्यांचा." मला जेवण गोड लागले नाही.

असे का झाले?

रविवारी बोट घेऊन मामांकडे गेलो. त्यांचे तालुक्याला मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. मामांनी जोड पाहिला आणि हसले. "भाचेबुवा, पाण्याच्या पाइपाला चिंधी बांधून किती दिवस चालेल?"

मग त्यांनी वहीवर गणित मांडले. जोड सैल असला की पिन आणि सॉकेट एखाद्या ठिपक्याएवढ्या जागीच टेकतात. तेवढ्याशा जागेतून सगळा प्रवाह जायचा म्हणजे अडथळा वाढतो. अडथळा ओहममध्ये मोजतात. ओहम या शास्त्रज्ञाने आपला नियम १८२७ साली मांडला. अडथळ्यातून प्रवाह गेला की उष्णता होते. तिचा नियम जूल यांनी १८४१ साली दिला: प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले अडथळा.

समजा, मोटार १० अँपिअर प्रवाह घेते.
चांगला जोड, अडथळा ०.००१ ओहम: १० × १० × ०.००१ = ०.१ वॅट.
सैल जोड, अडथळा ०.२ ओहम: १० × १० × ०.२ = २० वॅट.

मामा म्हणाले, "माझी डाग द्यायची लहान इस्त्री २५ वॅटची आहे. म्हणजे तुझ्या बोटीत जवळजवळ एक पेटती इस्त्रीच बसली होती!" शिवाय १० × ०.२ म्हणजे २ व्होल्ट त्या जोडातच खर्च झाले. मोटारीला ७.२ ऐवजी ५.२ व्होल्टच मिळाले. म्हणून बोट आधी हळू झाली.

मग बादलीत का चालली? कारण तिथे मी फक्त पाच-दहा सेकंद फिरवली. जोड तापायला वेळच मिळाला नाही. पाण्यावर मोटार सतत चालली, हादऱ्याने चमकी कागद सरकला, जोड तापला. तापला तसा अजून सैल झाला.

जोड कसे जुळवावेत?

मामांनी सांगितले ते इथे क्रमाने देतो.

१. दोन्ही बाजूंना एकाच जातीचा आणि एकाच मापाचा जोड हवा. "साधारण बसतो" म्हणजे बसत नाही. जुळत नसेल तर एका बाजूचा जोड कापून नवा लावावा. कागद, तार, खिळा घालू नये.

२. प्रवाह पाहून जोड निवडावा. एक्सटी-६० नावाचा पिवळा जोड ६० अँपिअरसाठी असतो. त्याच्या खोक्याचा आकार असा असतो, की तो उलटा बसतच नाही.

३. बॅटरीच्या बाजूला उघडी पिन कधीही ठेवू नये. तिथे झाकलेले सॉकेट हवे. बॅटरीत वीज नेहमीच असते. दोन उघड्या पिना एकमेकींना टेकल्या की ठिणगी उडते आणि तारा तापून लाल होतात.

४. तारेच्या रंगावर आंधळा विश्वास नको. लाल म्हणजे धन, काळी म्हणजे ऋण अशी रीत आहे, पण आधीच्या माणसाने चुकीचे जोडले असेल तर? मल्टिमीटर लावावा. लाल टोक धनाला लावल्यावर आकड्यामागे वजाचे चिन्ह आले, तर तारा उलट आहेत असे समजावे.

५. माझ्या मोटारीच्या दोन तारा उलट झाल्या तर ती उलटी फिरते, एवढेच. पण बॅटरीच्या तारा कंट्रोलरला उलट लागल्या तर कंट्रोलर क्षणात जळू शकतो.

६. सर्व्होच्या जोडात तीन तारा असतात. मधली लाल धन, एका कडेची काळी किंवा तपकिरी ऋण, दुसऱ्या कडेची पिवळी, नारिंगी किंवा पांढरी संदेशाची. जोडताना रिसीव्हरवरच्या खुणा पाहाव्यात.

७. डाग दिल्यावर तार हलकेच ओढून पाहावी. तारेवर आवरणाची नळी चढवावी. पाच मिनिटे मोटार चालवून बॅटरी सोडवावी आणि मग जोडाला हात लावून पाहावा. गरम लागला तर बोट पाण्यात सोडू नये.

मामांनी डाग दिला, मी तारा धरल्या. दोन्ही बाजूंना पिवळे जोड बसले, तेव्हा टच्च असा आवाज आला. तो आवाज मला फार आवडला.

पुढच्या रविवारी बोट पुन्हा तलावात सोडली. या वेळी तिच्या मागे बारीक दोरी बांधली होती, आणि आप्पांना आधीच विचारले होते. बोट मध्यावर जाऊन वळली आणि काठाला आली. जोडाला हात लावला, तर थंड! आप्पांनीही बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "आमच्या पंपाच्या स्टार्टरमधली तार पण अशीच तापते. उद्या वायरमनला बोलवायला पाहिजे."

मित्रांनो, एक सूचना. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर कोणीही असे प्रयोग करू नयेत. आणि मोठ्या माणसाशिवाय तलावावर जाऊ नये.

जाता जाता एक प्रश्न: जोडाचा अडथळा तोच राहिला आणि प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता किती पट होईल? दुप्पट असे लगेच म्हणू नका. वरचे गणित करून पाहा आणि उत्तर मला मधल्या सुट्टीत सांगा. बोट शाळेच्या कपाटावर ठेवली आहे. झाकण उघडून जोड पाहायला हरकत नाही.

इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी