मार्क मिळतात, पण बोलता येत नाही

प्रश्न : मुलगी नववीत आहे. आठवीपासून शाळेत फ्रेंच घेतलंय, मार्कही उत्तम पडतात. पण बोलायची वेळ आली की गप्प होते. अकरावी-बारावीतही फ्रेंच ठेवावं का?
– एक पालक, नवीन पनवेल

उत्तर : जरूर ठेवा. ती गप्प होते, कारण शाळेत फ्रेंच बहुधा वहीतच राहतं. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' ही रूपं लिहिताना वेगळी, उच्चार मात्र दोन्हींचा एकच : 'इल पार्ल'. नुसतं वाचून शिकलेल्या मुलाला हे ऐकू कसं येणार? म्हणून रोज पंधरा मिनिटं धड्याचा ऑडिओ लावून तिला त्याच्यामागोमाग मोठ्यानं म्हणू द्या. फ्रेंच रेडिओ आरएफआयवर शिकणाऱ्यांसाठी सोप्या फ्रेंचमधल्या बातम्याही असतात.

दुसरं, तिला 'डेल्फ ज्युनिअर' या शाळकरी मुलांसाठीच्या फ्रेंचच्या परीक्षेला बसवा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० हवेत, आणि एकाही विभागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. त्यामुळे बोलणं टाळताच येत नाही. प्रमाणपत्र कायम वैध राहतं. तिच्या पातळ्यांपैकी दहावीपर्यंत ए१ ही पहिली, जमल्यास त्यापुढची ए२, आणि बारावीपर्यंत बी१ हे नियमित सराव करणाऱ्या मुलीच्या आवाक्यात आहे.

बाहेर वर्ग लावायचा, तर आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या मुंबईतल्या वर्गासाठी पनवेलहून हार्बर लोकलनं सव्वा तासाहून जास्त लागतो. शाळा सांभाळून एवढी दगदग नको; ऑनलाइन वर्ग निवडा. फक्त प्रवेशाआधी एक विचारून घ्या : वर्गात मुलं किती, आणि प्रत्येकाला बोलायला वेळ किती मिळतो?