अनुदान संपल्यावर काय उरतं?

ख्रिस्ती सेवक घडवणाऱ्या शाळेसाठी अनुदान मागण्यात गैर काहीच नाही. सेवेसाठी माणसं तयार करायची तर शिक्षक लागतात, पुस्तकं लागतात, वर्गाला जागा लागते, आणि नवी मुंबईत जागेचा खर्च कुणालाही घाम फोडणारा आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका मराठी बायबल प्रशिक्षण विद्यालयाचे हिशेब सांभाळू लागले. तिथे जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. अनुदान थांबलं तरी शाळा तग धरू शकते. पण अनुदान चालू असताना आपल्याच मंडळ्यांची देण्याची सवय मोडली, तर ती शाळा अनुदान थांबायच्या आधीच खचलेली असते.

विद्यालयाचं आणि देणगीदारांचं नाव मी घेणार नाही. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत आणि त्यापलीकडे राज्यभर अशी लहान विद्यालयं आहेत. त्यांच्या विश्वस्तांनी, पाळकांनी आणि खजिनदारांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

जे घडलं ते

नवी मुंबईतली अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबं जालना, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), सोलापूर भागातून कामासाठी इथे आली. कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, कुणी तुर्भ्याच्या बाजारात, कुणी रुग्णालयांत. त्यांच्या उपासना पुष्कळदा भाड्याच्या सभागृहात भरतात आणि त्यांचे पाळक आठवडाभर नोकरी करून रविवारी उपदेश करतात. अशा माणसांना तीन-चार वर्षं घरदार सोडून सेमिनरीत जाणं परवडत नाही. त्यांच्यासाठी हे विद्यालय सुरू झालं होतं: संध्याकाळचे वर्ग, मराठी माध्यम, एका चर्चमागची खोली, आणि आसपासच्या मंडळ्या दर महिन्याला अर्पणातून पाठवायच्या ती रक्कम. रक्कम बेताची होती, पण ती न चुकता यायची.

पुढे एका मोठ्या भारतीय संस्थेमार्फत परदेशी मिशनचं अनुदान मंजूर झालं. आनंद सगळ्यांनाच झाला, आणि तो खराही होता. मोठी जागा भाड्याने घेतली, पूर्णवेळ शिक्षक नेमले, कार्यालय थाटलं, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय केली. देणगीदारांना अहवालात पदविकाधारकांची संख्या हवी होती, म्हणून इंग्रजी माध्यमाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आला आणि संध्याकाळचा मराठी वर्ग हळूहळू मागे पडला. रिक्षा चालवून, पाळी संपवून येणारे विद्यार्थी येईनासे झाले. तेवढ्यात मंडळ्यांकडून येणारी मासिक रक्कमही आटत गेली. कुणी रागावलं नव्हतं. विचारलं की उत्तर यायचं, "तुम्हाला आता बाहेरून मिळतंय ना, मग आमचं कशाला?" कार्यकारिणीत मी ही गोष्ट मांडली, तेव्हा ती रक्कम अनुदानापुढे इतकी किरकोळ दिसत होती की चर्चा पुढच्या विषयाकडे वळली.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली. २९ सप्टेंबर २०२० पासून परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येईना, दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. आमचा पैसा नेमका त्याच वाटेने यायचा. विद्यालयाच्या न्यासाची स्वतःची एफसीआरए नोंदणी होती, पण परदेशातलं ते मिशन आम्हाला थेट ओळखतच नव्हतं. त्यांचा सगळा व्यवहार मधल्या संस्थेशी होता. शिवाय परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायची, असाही नियम आला आणि टाळेबंदीच्या दिवसांत ते खातं उघडण्यातच महिने गेले. पगार थकले. भाड्याची जागा सोडावी लागली. बाहेरगावचे विद्यार्थी परतले. मग जुन्या मंडळ्यांकडे जावं लागलं, तेव्हा कळलं की ज्या पाळकांनी विद्यालय सुरू केलं त्यातले काही बदलून गेलेत आणि नव्या लोकांना हे विद्यालय आपलं वाटतच नाही.

कायद्याला दोष देऊन थांबता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परदेशी देणगी मिळणं हा कुणाचा निरपवाद हक्क नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा हे नियम आहेत असं धरूनच शाळेचं नियोजन करायला हवं.

आपल्याच इतिहासातलं उदाहरण

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली अमेरिकेत बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षांच्या मदतीची हमी घेतली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. त्या मदतीला अट होती: संस्था धर्मनिरपेक्ष राहावी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. देणगीची अट आणि संस्थेचं अंतःकरण यांच्यात अंतर पडलं की किती ओढाताण होते, हे त्या काळात दिसून आलं.

पण रमाबाईंचं मोठेपण मला दुसऱ्या एका गोष्टीत दिसतं. दहा वर्षं संपायची वाट न पाहता त्यांनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणल्या. मदतीची मुदत संपल्यावर संस्थेने आपल्या पायांवर उभं राहावं, हा त्यामागचा विचार होता. पुढे तिथे शेती, उद्योग आणि छापखाना उभा राहिला. तिथल्या 'मुक्ती' संस्थेतल्या स्त्रियांनी बायबलचं शिक्षण घेतलं, गावोगाव सुवार्ता नेली आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. अनुदानाचा काळ हा अनुदानाविना जगण्याच्या तयारीचा काळ असतो, हे त्यांनी करून दाखवलं.

दुसरं उदाहरण जगाच्या पातळीवरचं. १९५८ साली घानातल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सेमिनरींसाठी थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड सुरू झाला. निधी ४० लाख डॉलरचा होता. त्यातले २० लाख रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून आणि उरलेले २० लाख अमेरिकी मिशन मंडळांनी घालायचे, अशी बांधणी होती. ग्रंथालयं, पाठ्यपुस्तकं आणि शिक्षकांचं उच्च शिक्षण यांवर त्या फंडाने मोठा भर दिला. म्हणजे दुसऱ्यानेही तेवढाच वाटा उचलावा ही अपेक्षा, आणि पैसा संपल्यावरही टिकतील अशा गोष्टींना प्राधान्य. आपल्या विद्यालयासाठी अर्ज लिहितानाही ही दोन सूत्रं पुरेशी आहेत.

पैसा कोणत्या वाटेने येतो ते आधी पाहा

परदेशी संस्थेचा पैसा घ्यायचा तर तुमच्याच न्यासाची एफसीआरए नोंदणी हवी, किंवा त्या एका देणगीपुरती केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी. कुणी भला माणूस "आमच्या नोंदणीवर घेऊ आणि तुम्हाला देऊ" म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. नोंदणी पाच वर्षांची असते; मुदत संपण्याच्या बरंच आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. दरवर्षीचं विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरावं लागतं, आणि त्या वर्षी परदेशातून एक रुपयाही आला नसेल तरी भरावं लागतं.

आपल्या मंडळ्यांतली बरीच कुटुंबं आखातात आणि पश्चिमेकडे पसरलेली आहेत, म्हणून हेही लक्षात ठेवा. दुबईत नोकरी करणारा भाऊ भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या बहिणीची देणगी मात्र परदेशीच धरली जाते, तिच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरीही. पावती फाडण्याआधी देणाऱ्याच्या नागरिकत्वाची नोंद घ्या. आणि विद्यालयासाठीचा पैसा पाळकांच्या वैयक्तिक खात्यात कधीही घेऊ नका. त्यात पाळकांचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी उद्या चौकशीला सामोरं त्यांनाच जावं लागेल.

दुवा कुणीही जुळवून दिला असो, मूळ देणगीदाराशी तुमची थेट ओळख असू द्या. वर्षातून एकदा त्यांना तुमच्या वर्गात बसवा, तुमच्या विद्यार्थ्यांशी बोलू द्या. आमच्याकडे ती ओळख असती तर निदान थेट बोलण्याला तरी सुरुवात झाली असती.

भाडं स्थानिक पैशातून

परदेशी देणगीतून वर्षभरात करायचा प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. २०२० पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. जागेचं भाडं, वीज, कार्यालयीन कर्मचारी, हिशेब आणि वकिलाची फी, पदाधिकाऱ्यांचा प्रवास हे सगळं प्रशासकीय खर्चात मोडतं. शिक्षकांचा पगार त्यात येत नाही. नवी मुंबईत भाडंच अंदाजपत्रकाचा मोठा घास घेतं, म्हणून ते परदेशी अनुदानावर टाकूच नका. चर्चची रविवारनंतर रिकामी राहणारी खोली, मंडळीतल्या शाळेचा संध्याकाळचा वर्ग, असं काही आधी शोधा. सदनिकेत वर्ग भरवणार असाल तर सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते का, ते आधी तपासा. सिडकोचा भूखंड असेल तर कराराच्या कागदात कोणता वापर लिहिलाय, ते डोळ्यांनी वाचा.

देशातल्या देणगीदारांशीही सरळ बोला. उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम धार्मिक कामावर खर्च करणाऱ्या संस्थेच्या देणगीदारांना प्राप्तिकरातली (८०-जी म्हणून ओळखली जाणारी) सवलत मिळत नाही. त्यामुळे बायबल प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या न्यासाने करसवलतीचं आमिष दाखवू नये. कंपन्यांच्या सीएसआर निधीतही धार्मिक शिक्षण बसत नाही. याचा अर्थ एवढाच, की आपल्या शाळेला देणारा माणूस श्रद्धेने देणारा असतो. त्याला पावती, हिशेब आणि विद्यार्थ्यांची खबर वेळेवर मिळायलाच हवी.

घरचे कागद

कुठलाही जाणता देणगीदार पहिल्यांदा न्यासाच्या नोंदी मागतो. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. कित्येक न्यासांत निवर्तलेल्या विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि अनुदान मंजूर होण्याच्या वेळी धावपळ होते. अर्ज लिहिण्याआधी हे काम उरका. लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, कार्यकारिणीचे ठराव, विद्यार्थ्यांची हजेरी, शिक्षकांची नियुक्तिपत्रं एका फायलीत लावा. परदेशी आणि देशी पैशाच्या नोंदी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवा.

काय मागायचं

मागायचंच असेल तर ग्रंथालय मागा, मराठी पाठ्यपुस्तकं लिहून छापून घेण्याचा खर्च मागा, आपल्याच मंडळीतल्या एका होतकरू शिक्षिकेला पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी शिकवून परत आणण्याचा खर्च मागा. ती परत येऊन पंचवीस वर्षं शिकवेल. ग्रीक व्याकरणाचं सोप्या मराठीतलं पुस्तक एकदा तयार झालं की पिढ्यांना पुरेल. दर महिन्याला लागणारा पैसा मात्र शक्य तितका आपला असू द्या.

देणगीदाराला इंग्रजी माध्यम हवं असेल तर त्याला समजावून सांगा की आपले पाळक मराठीत उपदेश करतात, मराठीत सांत्वन करतात आणि मराठीतच अंत्यविधी चालवतात. ज्या भाषेत सेवा, त्या भाषेत शिक्षण, ही अट विद्यालयाने स्वतः घालावी. ऐकणारे देणगीदार भेटतात. न ऐकणाऱ्याचं अनुदान सोडून देण्याची हिंमत विश्वस्तांनी दाखवावी.

आता विद्यालय पुन्हा चर्चच्या जागेत भरतं. विद्यार्थी कमी आहेत, पण नोकरी करून येणारे आहेत आणि वर्ग मराठीत आहे. काही मंडळ्यांनी मिळून शिक्षकांचं मानधन उचललं आहे आणि दर तिमाहीचा हिशेब त्यांच्या उपासनेत वाचून दाखवला जातो. पुन्हा अनुदानासाठी अर्ज करायचा विचार चालू आहे, फक्त पुस्तकांसाठी आणि शिक्षकांच्या शिक्षणासाठी.

तुमच्याकडेही असा विचार चालू असेल, तर अर्ज लिहायला बसण्याआधी मंडळीची अर्पणाची वही उघडा. त्यात प्रशिक्षण विद्यालयाचा रकाना आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या वार्षिक सभेत तो उघडा आणि रक्कम लहान असली तरी दर महिन्याला भरायला लावा. त्यासाठी अर्ज एक वर्ष पुढे ढकलावा लागला तरी चालेल.