काच काय सोडते, हवा काय देते

पोरी, बर्लिनच्या फ्लोरिन प्रयोगशाळेत निघालीस. मावशीचं थोडं ऐकून जा, माझी सगळी नोकरी याच कामात गेली आहे.

आधी जिवाचं. हायड्रोफ्लोरिक आम्ल पातळ असलं तर कातडीवर पडल्यावर लगेच झोंबतही नाही. ठणका काही तासांनी सुरू होतो आणि तोवर फ्लोराइड आत उतरून कॅल्शियम बांधत असतं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की हृदयाची लय बिघडते. तेव्हा ‘दुखत तर नाही’ म्हणून थांबायचं नाही. भरपूर पाण्याने धू, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत राहा आणि तडक दवाखाना गाठ. तिथे नुसतं ‘अ‍ॅसिड’ म्हणू नकोस. आम्लाचं नाव लिहिलेला कागद खिशात असू दे. जेलच्या ट्यूबवरची मुदत पहिल्याच दिवशी वाच. आणि एकटीने हे काम कधीही करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

निर्जल आम्ल 19.5 अंशांना उकळतं, म्हणजे उन्हाळ्यात ते बाटलीत वायूच व्हायला बघतं. त्याला काच चालत नाही. पीएफए प्लास्टिक, निकेल, मॉनेल मिश्रधातू यांचीच भांडी आणि नळ्या वापर. निकेलची नवी लाइन आधी फ्लोरिनने पॅसिव्हेट केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नकोस.

पण काचेने एकदा केवढं दान दिलं, तेही ऐक. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट प्लॅटिनमच्या क्षारांवर काचेच्या उपकरणात फ्लोरिन सोडत असताना एक लालसर घन पदार्थ मिळायचा. त्याने तो कचरा म्हणून टाकला नाही. त्यात काचेतून आलेला ऑक्सिजन आहे हे त्याने शोधलं, आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड साक्षात ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतं हेही सिद्ध केलं. मग त्याच्या ध्यानात आलं की झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा ऑक्सिजनइतकीच आहे. 1962मध्ये त्याने झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ एकत्र आणली आणि निष्क्रिय म्हणवणाऱ्या वायूचं पहिलं संयुग हाती आलं. मला हा रसायनशास्त्रातला सगळ्यात सुंदर विचार वाटतो. म्हणून सांगते, नको असलेला पदार्थ आधी ओळख, मगच फेक.

हीच नजर एनएमआरला लाव. फ्लोरिन-19 निसर्गात शंभर टक्के, त्यामुळे सिग्नल झटकन मिळतो आणि माणूस खूश होतो. तेव्हा थांब. पसरट उंचवटा दिसला तर तो बहुधा प्रोबमधल्या टेफ्लॉनचा. उणे 150 पीपीएमच्या जवळ टोकदार सिग्नल आला तर टेट्राफ्लोरोबोरेटची शंका घे. तुझ्या पदार्थाने बोरोसिलिकेट काचेतला बोरॉन ओढला असेल. नळीत पीएफएचं अस्तर घालून पुन्हा बघ.

आता उत्प्रेरकांकडे येते. साधं स्फटिकी अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड जवळपास निरुपयोगी, कारण प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमभोवती सहा फ्लोरिन असतात आणि येणाऱ्या रेणूला जागाच राहत नाही. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात एर्हार्ड केम्निट्झच्या गटाने 2003मध्ये सोल-जेल मार्गाने तेच फ्लोराइड अव्यवस्थित आणि प्रचंड पृष्ठभागाचं केलं. ते अँटिमनी पेंटाफ्लोराइडच्या तोडीचं लुईस आम्ल निघालं. अर्धवट घेरलेले अ‍ॅल्युमिनियम उघडे पडले, ही त्याची ताकद. आणि नेमक्या त्याच जागांवर हवेतलं पाणी पहिलं येऊन बसतं. गरम केलंस की तेच पाणी फ्लोराइड खाऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतं, मागे ऑक्साइड उरतं. पुण्यात पावसाळ्यात हे आम्ही पुरेपूर भोगलं. म्हणून नमुना ड्राय बॉक्सबाहेर किती वेळ होता ते प्रत्येक वेळी वहीत लिही. उत्प्रेरक न घालता रिकाम्या नळीचा प्रयोगही करच, कारण निकेलची भिंतसुद्धा काम करून जाते. शिवाय वापरानंतरचा पृष्ठभाग तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नकोस: क्रोमिया, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, भरून सुरुवात केलीस तरी आम्लाच्या वाफेत काही वेळाने प्रत्यक्ष राबणारा पृष्ठभाग फ्लोरिन घेतलेला असतो.

विषय निवडताना मात्र प्रयोगशाळेबाहेर बघ. 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन खाणाऱ्या वायूंच्या जागी 134ए हा शीतक वायू आणायला क्रोमियावरच्या रसायनाने फार मोठं काम केलं. ते खरंच गरजेचं होतं. पण 134ए पृथ्वीची उष्णता अडवतं, म्हणून 2016च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या कुळालाही उतरती कळा लावली. विमानात बसण्याआधी ती दुरुस्ती वाचून काढ आणि गाइडला पहिला प्रश्न विचार: आपल्या उत्प्रेरकावर जे बनेल, ते वातावरणात किती वर्षं टिकेल?